फ्लॅटमध्ये नवं पिल्लू: पहिले आठवडे आणि शी-शूची सवय (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत कुत्र्याचं पिल्लू तिसऱ्या किंवा अकराव्या मजल्यावर येतं. अंगण नसतं, माती लिफ्टच्या पलीकडे असते आणि घरातली सगळी माणसं घड्याळाला बांधलेली असतात. पुढची उत्तरं अशाच घरांसाठी आहेत. फरशीवर शू झाली तर बहुतेक वेळा चूक वेळेची किंवा जागेची असते. पिल्लाच्या अकलेचा किंवा हट्टाचा तिथे संबंध नसतो, आणि खालची प्रत्येक सूचना हे गृहीत धरूनच दिली आहे.

पिल्लू किती दिवसांचं असताना आणावं?

आठ आठवडे पूर्ण झाल्यावर. त्याआधी पिल्लं विकायला आपल्याकडे कायद्यानेही बंदी आहे, पण खरं कारण वेगळं आहे. आई आणि भावंडांत राहून पिल्लू चावण्याचा जोर आवरायला शिकतं, आणि झोपायच्या जागेपासून दूर जाऊन शी-शू करायलाही तिथेच शिकतं. महिन्याभराचं उचलून आणलेलं पिल्लू या दोन्ही गोष्टींत मागे राहतं.

आणण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: ते सध्या काय आणि किती वेळा खातं, जंताचं औषध कधी दिलं होतं, आणि ते शी-शू कशावर करतं. तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. पिल्लाच्या पायाखाली कागद, माती, सिमेंट यांपैकी जे होतं, तोच पृष्ठभाग त्याच्या लेखी शूची जागा असतो. ही आवड नवव्या आठवड्याच्या आसपास पक्की होऊ लागते. लहान पिंजऱ्यात, जिथे झोपायचं तिथेच घाण करावी लागलेलं पिल्लू शिकायला जास्त वेळ घेतं. तसं पिल्लू आलं तर दुप्पट धीर धरा.

घरात आधी काय तयारी करायची?

पहिल्या दिवसापासून अख्खा फ्लॅट मोकळा सोडू नका. हॉलचा एक कोपरा जाळीच्या कुंपणाने बंद करा. सुरुवातीला साधारण चार बाय चार फूट जागा पुरते. आत अंथरूण, पाण्याचं जड भांडं आणि चघळायला दोन रबरी खेळणी ठेवा. पिंजरा वापरणार असाल तर त्यात पिल्लाला उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता आलं पाहिजे, त्याहून मोठा नको. मोठ्या पिंजऱ्यात पिल्लू एका टोकाला झोपतं आणि दुसऱ्या टोकाला शू करतं. मोठं होणाऱ्या जातीसाठी मोठा पिंजरा घेतलात तर मध्ये आडवी फळी लावून तो तात्पुरता लहान करा.

पायपुसणी, सतरंज्या, गालिचे दोन-तीन महिन्यांसाठी उचलून ठेवा. मऊ कापड शू शोषून घेतं, आणि पिल्लाला ते फार लवकर कळतं. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर पाय घसरत असतील तर चालायच्या वाटेवर रबरी मॅट टाका. कापडी नको.

बाल्कनीच्या ग्रिलला खालून किमान दोन-अडीच फूट बारीक जाळी बांधा. पिल्लाचं डोकं जिथून जातं तिथून बहुधा अंगही जातं. डांबरगोळ्या, झुरळ-उंदरांची औषधं, डासांच्या मशीनच्या बाटल्या आणि मोबाइलच्या वायरी जमिनीपासून वर हलवा.

पहिल्या दिवशी काय करावं?

शक्यतो सकाळी आणा, म्हणजे रात्र होईपर्यंत त्याला घराचा वास ओळखीचा होतो. दारातून आत आल्यावर थेट ठरवलेल्या शूच्या जागी न्या. ओवाळणं, फोटो, शेजाऱ्यांच्या भेटी त्यानंतर, आणि त्याही थोडक्यात. या वयाची पिल्लं दिवसातले १८ ते २० तास झोपतात. पाहुण्यांच्या मांडीवरून मांडीवर फिरलेलं पिल्लू दमतं, दमलं की चावतं आणि रात्री जास्त रडतं. आईच्या जागेतलं एखादं फडकं मिळालं तर न धुता अंथरुणात ठेवा.

रात्रभर रडतं. तसंच रडू द्यायचं का?

नाही. आदल्या रात्रीपर्यंत ते भावंडांच्या अंगाला अंग लावून झोपत होतं. एकदम स्वयंपाकघरात एकटं कोंडलं तर ते घाबरतं, आणि घाबरलं की शी-शूही होते. त्याचा पिंजरा किंवा खोकं तुमच्या पलंगाला लागून ठेवा, हात खाली सोडला की लागेल इतक्या जवळ. आठ-दहा दिवसांनी रोज फूटभर लांब सरकवत त्याच्या कायमच्या जागी नेता येतं.

रडणं दोन प्रकारचं असतं. आडवं केल्याबरोबर सुरू होणारं आणि हात लावला की थांबणारं रडणं सोबतीसाठी असतं. दोन-तीन तास शांत झोपून मग चुळबुळीसह सुरू होणारं रडणं बहुतेक वेळा शूसाठी. रडणं दुसऱ्या प्रकारचं असेल तर उचला, जागेवर न्या, काम झालं की परत झोपवा. मोठा दिवा लावू नका, बोलू नका, खेळू तर अजिबात नका, नाहीतर रात्री तीन ही त्याची खेळायची वेळ ठरते.

शेवटचं खाणं संध्याकाळी सात-साडेसातला आणि शेवटची शू अकराच्या सुमारास करवून घ्या. मग दोनचा एक गजर लावा आणि दुसरा पाचचा. पिल्लू रडायच्या आधी उठणं महत्त्वाचं आहे, म्हणजे रडून दार उघडून घ्यायची सवय लागत नाही. बहुतेक पिल्लं चौथ्या महिन्याच्या आसपास रात्रभर शू धरू लागतात. त्या बेताने रात्रीचा गजर दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं पुढे ढकला. रात्री पाणी काढून ठेवावं असा सल्ला मिळेल, तो आपल्या उकाड्यात धोक्याचा आहे. पाणी राहू द्या.

शी-शूची जागा कुठे ठरवावी? बाल्कनी, बाथरूम की खाली?

लसी पूर्ण होईपर्यंत घरात एक पक्की जागा आणि नंतर हळूहळू खाली, हे बहुतेक फ्लॅटना जमतं. कायम घरातच ठेवायचं असेल, म्हणजे जात लहान आहे किंवा घरात खाली नेणारं कोणी धडधाकट नाही, तर तेही चालतं. फक्त ते आत्ताच ठरवा. दर महिन्याला बेत बदलला की पिल्लू गोंधळतं.

बाल्कनी असेल तर ती सर्वांत सोयीची. पण नुसती बाल्कनी नको, तिथे ट्रे ठेवा. पिल्लासाठी दोन बाय तीन फूट आणि दोन-तीन इंच खोल ट्रे पुरतो. त्यात माती आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समसमान, किंवा नर्सरीत मिळणारा लॉनचा तुकडा. पुढे जे पिल्लू खाली मातीत-गवतात जाणार आहे त्याला हाच पृष्ठभाग द्यावा, म्हणजे नंतर नव्याने शिकवावं लागत नाही. वरचा ओला थर रोज काढा, सगळी माती आठ-दहा दिवसांनी बदला. कृत्रिम गवत वापरलंत तर ते रोज धुवावं लागतं, शू तळाशी साचून उग्र वास मारते. बाल्कनीत बादल्या ओतून धुण्याआधी तिथलं पाणी कुठे जातं ते पाहा. बऱ्याच इमारतींत ते खालच्या मजल्याच्या ग्रिलवर किंवा पार्किंगमध्ये पडतं, आणि कुत्र्याबद्दलची पहिली तक्रार तिथूनच येते.

बाथरूम धुवायला सोपं, म्हणून अनेक जण तेच निवडतात. त्यात तीन अडचणी आहेत. एक, सकाळी पिल्लाला जेव्हा सर्वांत निकड असते तेव्हाच आत कोणीतरी आंघोळ करत असतं. दोन, ॲसिड, साबण आणि भरलेल्या बादल्या. लहान पिल्लू बादलीत बुडू शकतं. तिसरी अडचण मोठी: पिल्लू ‘बाथरूम’ शिकत नाही, ‘गार गुळगुळीत टाइल’ शिकतं, आणि तशीच टाइल हॉलमध्येही असते. बाथरूमच वापरायचं असेल तर एका कोपऱ्यात वेगळ्या स्पर्शाचं काहीतरी द्या: कागद घातलेला ट्रे, कृत्रिम गवत, छिद्रांची प्लॅस्टिक जाळी.

बाजारातले शूचे पॅड सोयीचे आहेत, पण ते मऊ कापडासारखे लागतात. पॅडवर शिकलेलं पिल्लू पायपुसणं आणि पलंगावरून लोंबणारी चादर तशीच वापरतं. वर्तमानपत्र त्यापेक्षा बरं आणि जवळजवळ फुकट. पाच-सहा थर घाला. बदलताना वरचे ओले काढा, पण किंचित वास असलेला एक तुकडा नव्या कागदांखाली ठेवा.

शिकवायची नेमकी पद्धत काय?

वेळा ठरलेल्या आहेत: झोपून उठल्याबरोबर, खाल्ल्यानंतर ५ ते ३० मिनिटांत, भरपूर पाणी प्यायल्यावर १०-२० मिनिटांनी, खेळ थांबल्यावर, आणि झोपवण्याआधी. याशिवाय दोन-तीन महिन्यांचं पिल्लू जागं असेल तर दर ३०-४५ मिनिटांनी. वयाचे महिने अधिक एक, इतके तास पिल्लू धरू शकतं असा ठोकताळा आहे, म्हणजे दोन महिन्यांचं जास्तीत जास्त तीन तास. तो शांत झोपलेल्या पिल्लाचा आहे. खेळणाऱ्या पिल्लाला तो लावला की फसगत होते.

जागेवर नेताना पट्टा आणि दोरी लावा, अगदी बाल्कनीत न्यायचं असलं तरी. तिथे गेल्यावर उभे राहा, गप्प राहा. पिल्लू वास घेत फिरेल. ते करायला लागलं की हळू आवाजात एकच शब्द म्हणा, ‘शू’ किंवा तुमच्या घरात जो चालतो तो, पण आजीपासून मुलांपर्यंत सगळ्यांनी तोच. पूर्ण झाल्यावर दोन सेकंदांच्या आत बक्षीस: हरभऱ्याएवढा उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा. बक्षिसाची डबी शूच्या जागेजवळच ठेवा. आत जाऊन फ्रिज उघडून दिलेलं बक्षीस पिल्लाच्या दृष्टीने फ्रिजपाशी पळत आल्याचं असतं. आणि मध्येच ‘शाब्बास’ म्हणून ओरडू नका, ते अर्धवट सोडून तुमच्याकडे येईल आणि उरलेली हॉलमध्ये करेल.

पाच मिनिटांत काही झालं नाही तर मोकळं सोडू नका. पिंजऱ्यात किंवा मांडीवर दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि परत न्या. झाल्यावरच अर्धा-पाऊण तास मोकळं, तेही नजरेसमोर. काम करत असाल तर पाच-सहा फुटांची हलकी दोरी स्वतःच्या कमरेला बांधा, म्हणजे ते सोफ्यामागे गुपचूप जाऊ शकत नाही. खेळ अचानक सोडणं, नाक जमिनीला लावून गोल फिरणं, दुसऱ्या खोलीकडे चालू लागणं, या खुणा दिसल्या की उचलायला साधारण पाच सेकंद मिळतात.

चुकून फरशीवर केली तर? ओरडायचं का?

करताना दिसलं तर टाळी वाजवून थांबवा, उचला, जागेवर न्या, उरलेली तिथे केली तर बक्षीस द्या. आधीच करून झालेली असेल तर मुकाट्याने पुसा. नाक घासणं, वर्तमानपत्राची सुरळी उगारणं यातून पिल्लू एवढंच शिकतं की माणसांसमोर शू करणं धोक्याचं आहे. मग ते पलंगाखाली करतं आणि खाली नेल्यावर तुमच्यासमोर करत नाही. त्याच्या डोळ्यांत दिसते ती अपराधी भावना नसते, तुमच्या आवाजाची भीती असते.

पुसायला फिनाइल चालेल का?

नको. फिनाइलने आपल्या नाकाला स्वच्छ वाटतं, शूचा वास मात्र खाली तसाच राहतो आणि पिल्लू परत तिथेच जातं. शिवाय पिल्लू पाय चाटतं, आणि त्यातली रसायनं पोटात जातात. अमोनिया असलेले क्लीनरही टाळा, त्यांचा वास शूच्या वासाच्या जवळ जातो.

आधी कागदाने टिपून घ्या, साध्या पाण्याने पुसा, मग पाळीव प्राण्यांसाठी मिळणारा एन्झाइमचा क्लीनर टाकून दहा-पंधरा मिनिटं तसाच राहू द्या. लगेच पुसला तर त्याचा उपयोग होत नाही. तो नसेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात, पण फक्त सिरॅमिक किंवा व्हिट्रिफाइड टाइलवर. संगमरवर, कडाप्पा आणि कोटा या दगडांवर व्हिनेगरने कायमचे डाग पडतात. गादीवर झाली तर टिपून, क्लीनर टाकून, वाळल्यावर खायचा सोडा भुरभुरवा आणि काही तासांनी झटका.

लसी पूर्ण झालेल्या नाहीत. खाली नेऊ का?

कडेवर घेऊन न्या, रोज न्या. रिक्षा, लिफ्टचा आवाज, वॉचमनकाका, हेल्मेट घातलेला माणूस, शाळेची मुलं, हे सगळं तीन-साडेतीन महिन्यांच्या आत दिसलं-ऐकलं तर पुढे भीती कमी राहते. मात्र सोसायटीच्या बागेत किंवा रस्त्यावर जमिनीवर ठेवू नका. पार्व्हो या आतड्यांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि बुटांच्या तळव्यांवरून घरातही येतो, म्हणून चपला दाराबाहेर.

सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान पहिली लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस, साधारण १६ आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर. नेमक्या तारखा तुमचे डॉक्टर ठरवतील. शेवटच्या डोसनंतर दोन आठवडे थांबून पिल्लू खाली चालवायला सुरुवात करा. उलट्या, वासाची पातळ किंवा रक्ताची शी आणि मलूलपणा एकत्र दिसले तर सकाळची वाट पाहू नका. पार्व्होत लहान पिल्लू दोन दिवसांत हाताबाहेर जातं.

खाली नेलं की काही करत नाही, घरात पाऊल टाकल्याबरोबर करतं. का?

कारण खाली लक्ष वेधणाऱ्या गोष्टी फार असतात, आणि घरातला कागद ओळखीचा असतो. घरातला वापरलेला कागद किंवा मूठभर माती पिशवीतून खाली नेऊन एका शांत कोपऱ्यात ठेवा आणि रोज तिथेच उभे राहा. झाडाचं आळं किंवा कुंपणाची कड चालेल, पार्किंगचा खांब नको. आणखी एक मोठं कारण आहे: शू झाली की आपण लगेच लिफ्टकडे वळतो. पिल्लाला कळतं की शू केली की फिरणं संपतं, मग ते लांबवत राहतं. म्हणून आधी शू, मग बक्षीस म्हणून दहा मिनिटं फिरणं. सकाळच्या पहिल्या फेरीला लिफ्टमध्ये पिल्लू उचलूनच न्या, लिफ्टची वाट पाहताना बहुतेकांचा धीर सुटतो.

पावसाळ्यात काय करायचं?

जूनमध्ये आलेल्या पिल्लाला सुरुवातीपासून पावसाची सवय लावा. लसी पूर्ण झाल्या असतील तर सरी थांबल्या की ओल्या मातीवर न्या, बक्षीस थोडं मोठं द्या. मुसळधार असेल तर पोडियमखालची किंवा छपराखालची एखादी मातीची जागा हेरून ठेवा. बाल्कनीतला ट्रे पावसाळाभर काढू नका. साचलेल्या पाण्यातून चालवू नका: उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा रोग) पसरतो आणि तो माणसांनाही होतो. त्याच्या लसीबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारा. घरी आल्यावर पाय धुऊन बोटांच्या मधली जागा कोरडी करा.

दोघंही नोकरीला जातो. दिवसभर पिल्लू एकटं राहील का?

आठ-नऊ तास, नाही. हे आणण्याआधीच सोडवायला हवं. पहिला आठवडा सुटी किंवा घरून काम, त्यानंतर किमान तीन महिने दुपारी दोनदा कोणीतरी येण्याची सोय करा: आजी-आजोबा, शेजारी, कामाच्या मावशी किंवा पगारी सांभाळणारा. जो येईल त्याला पद्धत लिहून द्या, बक्षिसाची डबी दाखवा, आणि ओरडायचं नाही हे स्पष्ट सांगा. मावशी फरशी कशाने पुसतात तेही बघा. जोवर कोणी येत नाही तोवर पिंजऱ्यात कोंडू नका. कुंपणाच्या आत एका टोकाला अंथरूण आणि दुसऱ्या टोकाला ट्रे ठेवा. पिंजऱ्यात नाइलाजाने घाण करावी लागलेलं पिल्लू स्वच्छतेची उपजत सवयच गमावतं.

खाण्याचा याच्याशी संबंध आहे का?

फार. चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, ठरलेल्या वेळी. भांडं पंधरा-वीस मिनिटांनी उचला. दिवसभर भरलेलं भांडं ठेवलं तर शीची वेळ कधीच ठरत नाही. गायी-म्हशीचं दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही आणि पोळी-दुधाने पातळ शी होते. ग्लुकोजच्या बिस्किटांत साखर आणि मैद्यापलीकडे फारसं काही नाही. खाणं बदलायचं असेल तर सात दिवसांत थोडं थोडं मिसळत बदला. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट अजिबात नको. घरच्या आमटी-भातात कांदा-लसूण असतोच, हे आजी-आजोबांना प्रेमाने पण ठामपणे सांगा.

पाहुणे आले किंवा आम्ही घरी परतलो की उभ्या उभ्या शू होते. हे काय?

आनंदाने किंवा दडपणाने होते, पिल्लाच्या ताब्यात नसते. ओरडलात तर वाढते. घरात आल्यावर दोन मिनिटं दुर्लक्ष करा, वाकून डोक्यावर हात आणू नका, खाली बसून छातीपाशी खाजवा. बहुतेकांची वर्षभरात थांबते.

थेंब थेंब वारंवार होणं, करताना कण्हणं, लालसर रंग, किंवा चांगलं शिकलेल्या पिल्लाने अचानक चुकणं हे वेगळं आहे. तो मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो, तपासून घ्या.

स्वतःची शी खातं.

पिल्लांत हे बऱ्यापैकी दिसतं. झाल्याबरोबर उचला, जंताचं औषध वेळेवर द्या, ओरडू नका. शी कागदाशिवाय कमोडमध्ये टाकून फ्लश करता येते. हात साबणाने धुवा: पिल्लाचे जंत लहान मुलांना होऊ शकतात.

किती दिवसांत शिकतं?

नेटाने केलं तर तीन-चार आठवड्यांत चुका कमी होतात, पण भरवशाची सवय सहा महिन्यांच्या आसपास लागते. शिह त्झू, पॉमेरेनियनसारख्या लहान जातींना मूत्राशय लहान असल्याने आणखी वेळ लागतो. सहाव्या ते नवव्या महिन्यात नर पाय वर करून पडद्यांवर, सोफ्याच्या कोपऱ्यांवर खूण करू लागतात. तेव्हा पुन्हा दोरी, वेळा आणि मर्यादित जागा यांकडे या, आणि नसबंदीबद्दल डॉक्टरांशी बोला. एखादी खोली सलग महिनाभर कोरडी राहिली की पुढची खोली उघडा, एकदम सगळं घर नाही.

सोसायटीने कुत्रा ठेवायला किंवा लिफ्ट वापरायला मनाई केली तर?

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. त्या सूचनांची प्रत सचिवांना द्या. त्याच सूचनांत मालकांनी लसीकरण करावं आणि कुत्र्याची घाण उचलावी अशी अपेक्षाही आहे. म्हणून प्रत्येक फेरीला खिशात कागद किंवा पिशवी ठेवा, आणि शूची जागा मुलांच्या खेळाच्या जागेपासून व गाड्यांपासून लांब निवडा. मुंबई आणि पुण्यात महापालिकेचा परवाना काढावा लागतो. त्यासाठी रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा लसीची पुस्तिका पहिल्या भेटीपासून जपून ठेवा आणि दरवेळी डॉक्टरांची सही-शिक्का घ्या.